डॉक्टर व्हायचंय, मग अकरावीत गणित सोडायचं का?

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत गणिताला जेमतेम गुण पडले की परभणी, सेलू, गंगाखेडच्या घरांत एकच सूर लागतो: पोरीला डॉक्टर व्हायचंय, गणित कशाला? मग गणिताच्या जागी क्रॉप सायन्स नाहीतर भूगोल येतो. निर्णय चुकतोच असं नाही. पण तो बहुतेकदा ऐकीव गोष्टींवर होतो.

“नीटला गणित लागतं” हा त्यातला पहिला गैरसमज. नीटला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. गणित नसलं तरी चालतं. परभणीत 2023 साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की 1972 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय, वाट नीटमधूनच जाते. एमबीबीएसला बारावीच्या पीसीबीत खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात. त्या बेरजेत गणिताचे गुण धरत नाहीत. मात्र गणित घेतलं आणि त्यात नापास झालं तर बारावीच अडकते, हेही खरं.

“गणित सोडलं की सुटका झाली” हा समज जास्त नुकसान करतो. नीटच्या 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे आहेत. सदिश, त्रिकोणमिती, लॉगरिदम, विकलन यांच्याशिवाय त्यातलं गतिशास्त्रही नीट उलगडत नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. गणिताच्या वर्गात बसणाऱ्याचा यातल्या बऱ्याच गोष्टींचा सराव आपोआप होतो. विषय सोडणाऱ्याला तेवढं गणित स्वतः करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. विषय सोडायचाच असेल तर ही चार-पाच प्रकरणं आधी पक्की करून घ्यावीत, असं मी आग्रहानं सांगेन.

खरा विचार करायचा तो एमबीबीएसची जागा मिळाली नाही तर काय, याचा. जागा थोड्या आणि परीक्षार्थी लाखांत, म्हणून ही वेळ हुशार मुलांवरही येते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी कृषीला पीसीबी चालतं. गणित न शिकलेल्यांना तिथं प्राथमिक गणिताचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि पुढं संख्याशास्त्रही भेटतंच. बी. फार्मसीला पीसीबी किंवा पीसीएम, कुठलाही गट चालतो. पण त्याच विद्यापीठातल्या कृषी अभियांत्रिकीला पीसीएम हवं. एमएचटी-सीईटीतून संगणक किंवा स्थापत्य शाखेला जाणाऱ्यांनाही हवं. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित लागतं. मुलाच्या मनातली दुसरी पसंती यांपैकी असेल, तर एका चाचणीच्या गुणांवरून गणित सोडू नये. दहावीतून अकरावीत आल्यावर या विषयाची उडी मोठी असते. निदान पहिल्या सत्राची परीक्षा होऊ द्यावी. दुसरी पसंती शेती, औषधनिर्माण किंवा नर्सिंग असेल आणि गणितात रोजचे दोन तास जाऊन जीवशास्त्र मागं पडत असेल, तर मात्र विषय निर्धास्त सोडावा. त्यात कमीपणा कसला?

“एकदा सोडलं की कायमचं गेलं” हेही अर्धवट. बारावी पास झाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षेला गणित ‘तुरळक विषय’ म्हणून देता येतं. उलट बाजूनंही दार उघडलं आहे: बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास झालेल्यांना नीट देता येते, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलं. पण या वाटेत वर्ष जाऊ शकतं आणि कॉलेजचा वर्ग मिळत नाही, शिकवणी आपली आपणच शोधायची. म्हणून विषयबदलाची मुदत कॉलेजच्या कार्यालयात पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावी.