सायबर गुन्ह्यांचा आंतरराष्ट्रीय तपास: संपर्क अधिकारी नेमकं काय करतो?

ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातला मोठा हिस्सा बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काढला गेला. अशा गुन्ह्याचा माग काढायचा, तर एका देशाच्या पोलिसांना दुसऱ्या देशातला योग्य माणूस वेळेत गाठावा लागतो. तो गाठून देण्याचं काम संपर्क अधिकाऱ्याचं. इंटरपोलचं सायबर गुन्हे संचालनालय सिंगापूरला आहे आणि आफ्रिका, आशिया यांसारख्या प्रदेशांसाठी त्याचे स्वतंत्र कक्ष आहेत. या कामाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: इंटरपोलचा अधिकारी कुठल्याही देशात जाऊन अटक करू शकतो.

वस्तुस्थिती: इंटरपोलला अटकेचा अधिकारच नाही. अटक, झडती, जप्ती हे सगळं त्या त्या देशाचे पोलीस त्यांच्याच कायद्यानं करतात. २०२४च्या ‘ऑपरेशन सेरेंगेटी’त आफ्रिकेतल्या १९ देशांत १,००६ जणांना अटक झाली, ती स्थानिक पोलिसांनी केली. त्यांना एकत्र आणणं, माहिती जुळवणं आणि कारवाईची आखणी करणं ही समन्वयाची बाजू होती. रेड नोटीस हेसुद्धा आंतरराष्ट्रीय वॉरंट नव्हे. ती सदस्य देशांना केलेली विनंती असते.

गैरसमज: हे काम फक्त संगणकतज्ज्ञांचं.

वस्तुस्थिती: तांत्रिक जाण हवीच, पण कस लागतो तो तपासाच्या अनुभवाचा आणि नेमकेपणाचा. समजा, एका देशानं दुसऱ्याकडे आयपी पत्ता पाठवून ‘हा कोणाचा?’ असं विचारलं. एकच पत्ता एका वेळी शेकडो ग्राहक वापरत असू शकतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक नसेल, तर इंटरनेट कंपनी उत्तर देऊ शकत नाही. वेळ भारताची की सिंगापूरची हे लिहिलं नसेल, तर अडीच तासांचा फरक पडतो आणि पोलीस भलत्याच घराचं दार ठोठावतात. अशी विनंती पुढे जाण्याआधी तपासून घेणं, हे या अधिकाऱ्याचं रोजचं आणि फार मोलाचं काम आहे.

गैरसमज: ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला की पुरावा मिळतो.

वस्तुस्थिती: पोलिसांनी पोलिसांना दिलेली माहिती तपासाला दिशा देते. न्यायालयात टिकणारा पुरावा मात्र सहसा परस्पर कायदेशीर साहाय्य करारातून किंवा न्यायालयाच्या विनंतीपत्रातूनच येतो. त्याला कित्येक महिने लागतात आणि तोवर सर्व्हरवरच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. म्हणून नोंदी जपून ठेवण्याची विनंती आधी पाठवायची आणि कागदपत्रांची वाट मागाहून धरायची, हा या कामातला महत्त्वाचा धडा.

गैरसमज: परदेशात गेलेला पैसा गेलाच.

वस्तुस्थिती: वेळेवर हालचाल झाली तर पैसा अडवता येतो. जुलै २०२४मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीला पुरवठादाराच्या नावानं बनावट ईमेल आला. पत्त्याच्या स्पेलिंगमध्ये बारीकसा फरक होता. १९ जुलैला कंपनीनं ४.२३ कोटी डॉलर तिमोर-लेस्तेतल्या खात्यात भरले. २३ तारखेला फसवणूक लक्षात आल्यावर पोलिसांत तक्रार झाली. पेमेंट रोखण्यासाठीच्या इंटरपोलच्या ‘आय-ग्रिप’ यंत्रणेतून तिमोर-लेस्तेला विनंती गेली आणि २५ तारखेला ३.९ कोटी डॉलर अडवल्याचं कळलं.

गैरसमज: तक्रार थेट इंटरपोलकडे करावी.

वस्तुस्थिती: इंटरपोल नागरिकांची फिर्याद नोंदवून घेत नाही. भारतात वाट १९३० या हेल्पलाइनपासून किंवा पोलीस ठाण्यापासून सुरू होते आणि इंटरपोलशी संपर्क सीबीआयमार्फत होतो. फसवणूक झाल्यास लाजेनं गप्प बसू नका. व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट घेऊन त्याच दिवशी तक्रार करा. सीमेपलीकडे जाणारी विनंती याच तपशिलांवर उभी राहते आणि ते अपुरे असतील, तर कितीही तत्पर अधिकारी असला तरी त्याचे हात बांधलेले राहतात.