पुस्तक स्वतः काढताना
लेखकाने स्वखर्चाने पुस्तक काढले, की प्रकाशकाची कर्तव्येही त्याच्याकडेच येतात. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय आयएसबीएन संस्था तो एकट्या लेखकालाही देते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. कॉपीराइट मात्र वेगळा. तो लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणी ऐच्छिक असते.

वाचलेला पैसा मुद्रितशोधनावर खर्च करावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकाला पहिल्याच पानावर खटकतात आणि लेखकाच्या सरावलेल्या डोळ्यांना हमखास दिसत नाहीत. हे काम दुसऱ्याच जाणकाराकडे द्यावे. ऑफसेट छपाईत पाने सोळाच्या पटीत बसवली, तर कागद वाया जात नाही.

छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्यानुसार ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतील ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते.