बेसाल्टच्या मुलखातले जीवाश्म

नंदुरबार जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हात जीवाश्म शोधणे व्यर्थ. मिळाले तर दोन लाव्हांमधल्या गाळात. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या खोऱ्यात मात्र लाव्हाच्या आधी पश्चिमेकडून समुद्र शिरला होता. त्याचे चुनखडक मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाघ गावावरून ‘बाघ थर’ म्हणून ओळखले जातात.

त्यांत कालवे, सी-अर्चिन, ब्रायोझोआ आणि अमोनाइट मिळतात. अर्चिनच्या पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी असते, ती चटकन ओळखू येते. अमोनाइटचे कवच झिजले की आतल्या कप्प्यांच्या नागमोडी रेषा दिसतात; गोगलगायीच्या शंखात कप्पेच नसतात.

वनस्पतींबाबत फसगत फार. दगडाच्या भेगेतली नेच्यासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. तिला पानाच्या शिरा नसतात. अश्मीभूत लाकडाच्या आडव्या छेदात, लाकूड नीट टिकले असेल तर, भिंगाखाली वाहिन्यांची छिद्रे दिसतात.

नमुना उचलण्याआधी ठिकाण आणि थर टिपून ठेवावा. संरक्षित क्षेत्रात तर हात लावू नये. धार जिल्ह्यात 2007 मध्ये डायनासोरची शंभराहून अधिक अंडी शोधणारे हौशी अभ्यासकच होते.