जुन्या व्हॅनचा क्रॉस वेळीच बदला
करमाळा तालुक्यातील जेऊरहून आसपासच्या बाजारांना माल नेणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी ही उपयुक्त माहिती. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, त्यामुळे आहे ती गाडी जपणे भाग आहे. तिच्या मागच्या चाकांना ताकद लांब शाफ्टमधून मिळते. शाफ्टच्या सांध्याला मेकॅनिक ‘क्रॉस’ म्हणतात. क्लच सोडताना ‘टक्’ आवाज येणे, वेगात गाडी थरथरणे ही झिजेची लक्षणे.

इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. शाफ्ट हाताने पिळून पाहा. सांधा खिळखिळा असेल किंवा तांबूस भुकटी दिसली, तर क्रॉस बदलावा. शाफ्ट उतरवण्यापूर्वी फ्लँजवर खूण करून तसाच परत बसवावा, नाहीतर तोल बिघडतो. चालत्या गाडीत शाफ्ट निखळला, तर मालासोबत जीवही धोक्यात येतो.