नेवला दिसत का नाही? दोष कॉपीचा!

अंधेरी-बोरिवली लोकलमध्ये मोबाइलवर ‘बंद दरवाजा’ बघितलाय? रामसे बंधूंचा, १९९० चा. अनिरुद्ध अग्रवालने केलेला नेवला म्हणजे आपला देशी ड्रॅक्युला! पण रात्रीचा सीन आला की स्क्रीनवर नुसता काळोख. आपण म्हणतो, “काय भंगार शूट केलंय!”

थांबा. दोष बऱ्याचदा कॉपीचा असतो. थिएटरमध्ये घासलेली प्रिंट, तिच्यावरून कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट, मग मोबाइलची फाइल. प्रत्येक पायरीला काळोखातले बारकावे उडतात.

फ्रान्सच्या ज्याँ रोलाँचंही असंच झालं. त्याच्या सिनेमात व्हॅम्पायर भिंतीवरच्या नव्हे, उभ्या मोठ्या घड्याळातून बाहेर येते! लोक हसायचे. २०१२ पासून मूळ निगेटिव्हवरून केलेल्या ब्लू-रे आल्या आणि त्याचे रंग, प्रकाश नीट दिसले.

हे करतात कसं? निगेटिव्हची एकेक फ्रेम स्कॅन होते. सेकंदाला २४, म्हणजे दीड तासाला १,२९,६०० फ्रेम! मग धूळ, ओरखडे काढायचे, रंग जुळवायचे.

रामसेंचे सिनेमेही ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने डीव्हीडी, ब्लू-रेवर आणले. पण निगेटिव्हच नसेल तर? दमट, गरम हवेत फिल्म कुजते, डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास आला म्हणजे वेळ थोडा उरलाय. मुंबईतली फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून जुन्या फिल्म जपतेय. ओळखीत कुणाच्या माळ्यावर डबे असतील, तर भंगारात देऊ नका. आधी विचारा!