कुत्रा पाळण्यापूर्वी

मनुष्य आणि कुत्रा यांचा सहवास फार प्राचीन आहे. गाय, घोडा, शेळी हे प्राणी माणसाच्या दाराशी येण्यापूर्वी, किंबहुना माणूस शेती करू लागण्यापूर्वी, कुत्रा त्याच्याबरोबर राहू लागला होता. महाभारतातील महाप्रास्थानिक पर्वात धर्मराज युधिष्ठिर आपल्यामागून चालत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे साफ नाकारतो, ही कथा सर्वांस ठाऊक आहेच. आमच्या घरोघरी पुजल्या जाणाऱ्या दत्तमूर्तीच्या पायांशीही चार श्वान असतात.

असा सोबती आपल्या घरी असावा, असे विद्यार्थ्यांना वाटावे यात नवल नाही. तथापि मोठ्या हौसेने आणलेले पिल्लू सहा महिन्यांत घराला नकोसे व्हावे आणि एके दिवशी ते मासळीबाजाराजवळ अथवा समुद्रकिनाऱ्यावर नेऊन सोडले जावे, असे प्रकार आम्ही गोव्यात अनेकदा पाहतो. अशा वेळी सर्व दोष पिल्लाच्या माथी मारला जातो. वस्तुतः पिल्लू पिल्लासारखेच वागलेले असते. तयारी नसते ती घराची. ही तयारी कोणती, याचा येथे थोडक्यात विचार करू.

पहिली तयारी मनाची व वेळेची. कुत्रा साधारणतः दहा ते तेरा वर्षे जगतो. आज आठवीत असलेल्या मुलाने पिल्लू आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा तो मुलगा शिक्षण संपवून कदाचित नोकरीनिमित्त परगावी गेलेला असेल. मग कुत्र्याचे कोण करणार? बहुधा आईच! यास्तव पिल्लू आणण्याचा निर्णय एकट्या मुलाचा असू नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवावीत. पहाटे व सायंकाळी त्याला फिरवून कोण आणणार? त्याची घाण कोण उचलणार? लस, औषधे व खाणे यांचा खर्च मासिक जमाखर्चात बसतो काय? चवथीला सारे कुटुंब मूळ गावी जाते तेव्हा त्याची व्यवस्था काय? आजीला तो देवघरात वा स्वयंपाकघरात यायला नको असेल, तर तो नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. आज मुभा आणि उद्या मार, असे केल्यास त्या मुक्या जीवाला काहीच उमगत नाही.

दुसरा प्रश्न कोणता कुत्रा आणावा हा. हल्ली हिमप्रदेशातील दाट केसांचे कुत्रे पाळण्याची हौस फार वाढली आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय होय. हवा दमट असली म्हणजे हा उपायही दुबळा पडतो. बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडलेल्या जनावराला कोकणपट्टीच्या वैशाखात बांधून ठेवणे हा प्रेमाचा प्रकार नव्हे. आमचा गावठी कुत्रा या हवेला सरावलेला, काटक व अल्पसंतुष्ट असतो. शिवाय त्याला विकत घ्यावे लागत नाही. देशी जातींत शेजारच्या कर्नाटकातील मुधोळचा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे; भारताच्या टपाल खात्याने 2005 साली त्याचे चित्र तिकिटावर छापले. परंतु तो धावण्यासाठी जन्मलेला आहे, सदनिकेतील दोन खोल्या त्याला पुरणार नाहीत. पिल्लू कोणत्याही जातीचे असो, निदान आठ आठवडे ते आईपाशी राहू द्यावे. आईच्या दुधाबरोबरच चावा किती हळू घ्यायचा, हा धडाही ते भावंडांशी खेळतानाच शिकत असते.

आता घराकडे वळू. पिल्लाला सर्व जग तोंडाने तपासावयाचे असते. म्हणून विजेच्या तारा, चपला, औषधांच्या गोळ्या, उंदरांचे विष, बागेतील कीटकनाशके ही सारी त्याच्या तोंडापासून दूर ठेवावीत. विहिरीला कठडा आणि फाटकाच्या खालच्या फटीला अडसर आहे की नाही, ते पाहावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी सज्जाच्या गजांमधील अंतर तपासावे. सोप्याच्या एखाद्या कोपऱ्यात, वारा व सावली असलेल्या जागी, जुन्या गोधडीचे अंथरूण करावे व शेजारी पाण्याचे जड भांडे ठेवावे. दिवसभर साखळीने बांधून ठेवलेला कुत्रा राखण करीत नाही. तो चिडका मात्र होतो. पहिल्या दोन-तीन रात्री पिल्लू आईवाचून रडेल. त्या वेळी रागावून त्याला अंगणात कोंडण्यापेक्षा त्याचे अंथरूण माणसांजवळ आणावे.

अन्नाचा विचार करताना आमच्या घरांतील एक समज दूर करावयास हवा. ‘आपल्या ताटातले उरले ते कुत्र्याला’ ही रीत त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. हुमणातील तिखट, मीठ व मसाला त्याच्या पोटाला बाधतो. कांदा व लसूण यांमुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही त्याला विषासमान आहेत. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून त्यांचे अणकुचीदार तुकडे घशात वा आतड्यात रुततात. माशांचे काटेही तसेच. बिनमसाल्याचा भात, काटे काढलेले उकडलेले मासे, अंडे अथवा मांस हे अन्न गोमंतकीय घरात सहज मिळते. योग्य प्रमाण मात्र पशुवैद्याला विचारून ठरवावे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा, तर मोठ्या कुत्र्याला दोन वेळा खाणे पुरते.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आहे. शेपटाविषयी ती खरी असेल, सवयींविषयी नाही. खाणे झाल्यावर व झोपेतून उठल्यावर पिल्लाला रोज त्याच ठिकाणी नेले आणि तेथे विधी उरकताच शाबासकी दिली, म्हणजे काही आठवड्यांत ते शिकते. घरात घाण केली म्हणून नाक घासणे वा मारणे व्यर्थ होय. त्यामुळे ते भिते, पण शिकत नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब लसीकरणाची. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पशुवैद्याकडे न्यावे व त्याने लिहून दिलेल्या तारखा काटेकोरपणे पाळाव्यात. जंतांचे औषधही त्याच वेळी विचारावे. रेबीज-प्रतिबंधक लस सामान्यतः तीन महिन्यांच्या वयात देतात व पुढे ती वेळोवेळी टोचून घ्यावी लागते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. मात्र लक्षणांपूर्वी लस टोचली तर जीव वाचतो. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचण्यात आली आणि तो वाचला. गोव्यात कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाल्यामुळेच 2021 साली हे राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित होऊ शकले. लसीकरण थांबले तर रोग परत येण्यास वेळ लागणार नाही. कोणताही कुत्रा चावला, तर जखमेवर हळद, चुना वा मिरची न लावता ती साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. मार बसेल या भीतीने मुलांनी चावा कधीही लपवू नये.

ऋतुमानाचीही दखल घ्यावी लागते. पावसाळ्यात गोचिडींचा उपद्रव वाढतो व त्यांच्यामार्फत कुत्र्याला ताप येतो. म्हणून रोज कान व बोटांच्या फटी तपासाव्यात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि तो माणसालाही होऊ शकतो. नरकासुराच्या रात्री फटाके उडतात तेव्हा, माणसाहून कितीतरी तीक्ष्ण कान असलेला हा प्राणी भयाने घर सोडून पळतो. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवून कोणीतरी जवळ बसावे.

पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेले राहण्याच्या स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु कायद्याच्या धाकापर्यंत गोष्ट जाऊच नये. ज्या विद्यार्थ्यास पिल्लू हवे आहे, त्याने प्रथम एक महिना स्वतःची परीक्षा घ्यावी. रोज पहाटे साडेपाचला उठून, पावसातसुद्धा, अर्धा तास चालून यावे. सायंकाळी खेळ अर्धा सोडून ठरल्या वेळी घरी परतावे. आणि एक भांडे रोज घासून त्यात ताजे पाणी भरून ठेवावे. महिनाभर हा नेम मोडला नाही, तर त्याने खुशाल वडिलांपाशी पिल्लाचा हट्ट धरावा. मोडला, तर आणखी एक वर्ष थांबावे; तोवर शेजारच्या कुत्र्याशी मैत्री करण्यास काहीच हरकत नाही.