शेंडेफळ लाडावलेलंच असतं का?

थोरला जबाबदार, मधला दुर्लक्षित, शेंडेफळ लाडावलेलं. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की लग्नाच्या बोलणीतही ‘मुलगी घरात मोठी आहे, सांभाळून घेईल’ हे वाक्य गुणपत्रिकेसारखं पुढे येतं. या समजुतीला मानसशास्त्राचा शिक्का मिळाला तो व्हिएन्नाचे आल्फ्रेड ॲडलर यांच्यामुळे. दुसरं मूल आलं की पहिल्याचं सिंहासन जातं आणि त्यातून त्याचा स्वभाव घडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९६मध्ये फ्रँक सलोवे यांनी त्यात भर घातली, की धाकटी मुलं बंडखोर निघतात. मांडणी मोहक आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. २०१५मध्ये यूलिया रोरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, ब्रिटन व जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, जुळवून घेण्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, कशावरही जन्मक्रमाचा परिणाम आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ७७ हजार शाळकरी मुलांच्या अभ्यासात सहसंबंध निघाला सरासरी ०.०२, म्हणजे जवळजवळ शून्य. ‘तिकडचं सोडा, आपल्याकडची कुटुंबं वेगळी’ असं म्हणणाऱ्यांनी इंडोनेशियातला २०२१चा अभ्यास पाहावा, निष्कर्ष तोच.

तरीही ‘आमच्या घरात तर अगदी तसंच आहे’ हे उत्तर ठरलेलं. अहो, बारा वर्षांची ताई सात वर्षांच्या भावापेक्षा समजूतदार दिसणारच! तो फरक वयाचा आहे. तोही बाराचा होईल, पण तेव्हा ताई सतरा वर्षांची असेल आणि घरातली तुलना पुन्हा तिच्याच बाजूने झुकेल. शिवाय धाकट्याला सांभाळणं हे तिच्यावर सोपवलेलं काम आहे. ते ती घरी चोख करते, म्हणून वर्गातही ती पुढारीपण करेल असं नाही. दुसरी गफलत कुटुंबाच्या आकाराची. चौथं मूल फक्त मोठ्या कुटुंबातच असतं, आणि अशा कुटुंबांचं उत्पन्न, शिक्षण, श्रद्धा बहुधा वेगळ्या असतात. त्याची तुलना दुसऱ्या घरातल्या थोरल्याशी केली, की कुटुंबाचा फरक जन्मक्रमाच्या नावावर जमा होतो. मधली व धाकटी मुलं किंचित अधिक प्रामाणिक आणि सहकार्यशील असल्याचं अलीकडे ॲश्टन आणि ली यांना आढळलं खरं, पण त्यातला बराच भाग कुटुंबाच्या आकाराचाच निघाला.

बुद्ध्यंकात मात्र थोडा फरक सापडतो, तो नाकारायचं कारण नाही. नॉर्वेच्या सैन्यभरतीतल्या तरुणांमध्ये थोरले दुसऱ्या क्रमांकाच्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे २.३ गुणांनी पुढे होते. थोरलं भावंड दगावल्यामुळे थोरलं म्हणून वाढलेल्या मुलांचे गुणही थोरल्यांइतकेच होते. म्हणजे कारण गर्भातलं नाही, घरातलं आहे. पण एवढ्या फरकावरून समोरच्या दोन भावंडांत हुशार कोण, हे सांगता येत नाही. ‘मिडल चाइल्ड सिंड्रोम’ नावाचा कुठलाही आजार वैद्यकशास्त्राच्या यादीत नाही. आणि एकुलती एक मुलं हेकट, एकलकोंडी असतात हेही शंभरहून अधिक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत टिकलेलं नाही.

भारतात जन्मक्रमाचा खरा ठसा दिसतो तो उंचीवर. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७मध्ये दाखवलं, की थोरल्या मुलग्याला झुकतं माप मिळतं आणि नंतरच्या मुलांची, विशेषतः मुलींची, वाढ खुंटत जाते. तेव्हा पालकहो, धाकटीच्या स्वभावाची चर्चा पुरे. तिच्या ताटात काय पडतंय ते बघा.